रुमाल कोण उघडतो? स्तनाच्या कर्करोगाचा एक मुंबईकर इतिहास

१/ स्तनातील गाठीचा तुकडा प्रयोगशाळेत तपासला जातो, तेव्हा परत येणाऱ्या कागदावर दोन संक्षेप असतात : ‘ईआर’ आणि ‘पीआर’. त्यांच्यापुढे ‘पॉझिटिव्ह’ लिहिले आहे की ‘निगेटिव्ह’, यावर त्या स्त्रीच्या उपचाराची पुढील दिशा बरीचशी ठरते. ही दोन्ही प्रथिनांची नावे आहेत. पेशीतील कोणते जनुक केव्हा वाचले जावे, हे ठरवणारी ही प्रथिने. विज्ञान त्यांना ‘ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर’ म्हणते. मराठीत ‘प्रतिलेखन घटक’. या दोन संक्षेपांपर्यंत पोहोचण्यास वैद्यकाला जवळजवळ शतक लागले. त्या वाटेवरचा एक महत्त्वाचा मुक्काम मुंबईत, परळला होता. हा धागा त्या वाटेचा आहे.

२/ वाटेचे एक टोक बोईसरजवळ सापडते. बोईसर स्थानकावरून रस्ता तारापूरकडे जातो. तारापूर म्हटले की आज अणुवीज केंद्र आणि औद्योगिक वसाहत आठवते. त्याआधी ते पारशी वस्तीचे जुने बंदर होते. ‘तारापोरवाला’ हे आडनाव याच गावाचे. १९६२ साली परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाचा कारभार केंद्राच्या अणुऊर्जा खात्याकडे आला. त्याच खात्याने तारापूरची अणुभट्टी उभारली आणि १९६९ साली ती व्यापारी तत्त्वावर वीज देऊ लागली. एकाच खात्याच्या छत्राखाली एकीकडे अणुभट्टी आणि दुसरीकडे कर्करोगाची प्रयोगशाळा. या इतिहासात तारापूर आणखी दोनदा येईल.

३/ आधी मूळ कल्पना. पुण्याच्या पेशवे दफ्तरातील कागद ‘रुमालां’त बांधलेले असतात. संशोधक दफ्तरात शिरला म्हणून सर्व इतिहास त्याच्यापुढे उलगडत नाही. जो रुमाल सोडला जातो, त्यातलेच कागद वाचता येतात. शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशीत असेच एक पूर्ण दफ्तर असते. त्याचे नाव डीएनए. त्यात सुमारे वीस हजार प्रथिनांच्या कृती लिहिलेल्या आहेत. डोळ्याच्या पेशीकडे आणि स्तनाच्या पेशीकडे दफ्तर एकच आहे. फरक आहे तो कोणते रुमाल सुटतात आणि कोणते बांधलेले राहतात, यात.

४/ मूळ कागद दफ्तराबाहेर जात नाही. त्याची नक्कल जाते. पेशीतही तेच घडते. जनुकाची आरएनए नावाची नक्कल तयार होते आणि तिच्यावरून प्रथिन बनते. नक्कल करण्याची ही क्रिया म्हणजे प्रतिलेखन. कोणत्या कागदाची नक्कल करायची, किती करायच्या आणि केव्हा थांबायचे, हे सांगणारे कारभारी म्हणजे प्रतिलेखन घटक. डीएनएवरील ठराविक अक्षरक्रम ओळखून ते तेथे जाऊन बसतात आणि नक्कल करणाऱ्या यंत्रणेला बोलावतात किंवा अडवतात. माणसाच्या पेशींत असे सुमारे १,६०० कारभारी आहेत.

५/ या कारभाऱ्यांचे महत्त्व स्तनात विशेष का? बहुतेक अवयव जन्मापूर्वीच आपला आकार घेतात. स्तनाची मुख्य घडण मात्र जन्मानंतर होते. वयात येताना, प्रत्येक मासिक चक्रात, गरोदरपणात आणि बाळाला पाजताना त्याच्या पेशी वाढतात, बदलतात आणि पुन्हा ओसरतात. वाढीचे रुमाल येथे वारंवार सोडले जातात आणि वारंवार बांधले जातात. एखादा कारभारी बांधण्याचे काम विसरला आणि वाढीचा हुकूम निघतच राहिला, तर गाठ होते. कर्करोगाची कहाणी पुष्कळदा अशी न थांबलेल्या हुकमाची असते.

६/ पहिला धागा १८९६ साली हाती आला. ग्लासगोचे शल्यचिकित्सक जॉर्ज बीटसन यांनी पूर्वी दुग्धस्रावाचा अभ्यास केला होता. स्तन आणि अंडाशय शरीरात दूर असूनही त्यांच्यात काही संबंध आहे, हे त्यांच्या मनात पक्के होते. स्तनाचा कर्करोग पुढच्या अवस्थेला गेलेल्या स्त्रियांची अंडाशये त्यांनी काढून टाकली आणि काहींच्या गाठी लहान झाल्याचे ‘लॅन्सेट’ नियतकालिकात नोंदवले. ‘हार्मोन’ हा शब्दही तेव्हा रूढ झाला नव्हता. उपचार काही स्त्रियांना लागू पडला, बाकीच्यांना पडला नाही. का, हे सांगणारा कोणी नव्हता. हा ‘का’ पुढे साठ-सत्तर वर्षे टिकला.

७/ दुसरा धागा उंदरांतून आला. अमेरिकेतील बार हार्बर येथील जॅक्सन प्रयोगशाळेत उंदरांचे काही वाण असे होते की, त्यांच्या माद्यांना हमखास स्तनाच्या गाठी होत. आनुवंशिकता हे उत्तर उघड वाटत होते. १९३६ साली जॉन बिटनर यांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. गाठी होणाऱ्या वाणाची पिल्ले जन्मताच दुसऱ्या, निरोगी वाणाच्या मादीच्या अंगावर पाजली. त्या पिल्लांतील गाठींचे प्रमाण एकदम घटले. म्हणजे आईच्या दुधातून काहीतरी जात होते. त्याला ‘दुधातला घटक’ म्हणू लागले. पुढे तो एक विषाणू निघाला.

८/ अशा रीतीने तीन संशयित उभे राहिले : वंश, संप्रेरक आणि विषाणू. प्रत्येकाचा पक्ष घेणारे संशोधक होते आणि प्रत्येकाच्या हाती पुरावाही होता. याच काळात मुंबईत परळला टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले. तारीख २८ फेब्रुवारी १९४१. लेडी मेहेरबाई टाटा यांचा १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने मृत्यू झाला होता. रुग्णालयाच्या स्थापनेमागे ती आठवण होती. तेथील प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे आली. भारतातील विकृतिशास्त्राचा पाया घालणाऱ्यांत त्यांचे नाव घेतले जाते. रोग्यांवर उपचार करणाऱ्या रुग्णालयात मूलभूत संशोधनही झाले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता.

९/ त्यांच्या हाताखाली काम करू लागलेल्या तरुण संशोधकांत एक होत्या कमल रणदिवे. जन्म पुणे, ८ नोव्हेंबर १९१७. माहेरचे आडनाव समर्थ. वडील दिनकर दत्तात्रेय समर्थ फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवत. कमलबाईंचे शालेय शिक्षण हुजूरपागेत झाले. १९४३ साली त्यांनी पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून एम. एस्सी. केले, तेही सीताफळाच्या कुळातील वनस्पतींच्या पेशी आणि गुणसूत्रांवर. जयसिंग रणदिवे यांच्याशी विवाह झाल्यावर त्या मुंबईस आल्या. १९४९ साली खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी मुंबई विद्यापीठाची पीएच. डी. मिळवली. सीताफळाच्या पेशीकडून त्या उंदराच्या स्तनपेशीकडे वळल्या होत्या.

१०/ परळमधील त्यांची पद्धत इतिहासाच्या विद्यार्थ्यास ओळखीची वाटेल : तुलना. स्तनाच्या कर्करोगाला कमी-अधिक बळी पडणारे उंदरांचे वेगवेगळे वाण घ्यायचे, त्यांच्या दूधग्रंथींची रचना वयानुसार बारकाईने पाहायची आणि फरक कोठे पडतो ते शोधायचे. केंद्रात ‘आयसीआरसी’ या नावाचा उंदरांचा स्वतंत्र वाणही वाढवला गेला. त्याच्या माद्यांत स्तनाच्या गाठींचे प्रमाण मोठे होते. या कामातून रणदिवे यांनी मांडलेला विचार महत्त्वाचा होता. कर्करोगास बळी पडण्याची शक्यता संप्रेरके आणि विषाणू यांच्या परस्परसंबंधात शोधली पाहिजे, असे म्हणणाऱ्या आरंभीच्या संशोधकांत त्या होत्या. तीन संशयितांपैकी एकालाच पकडून त्यांनी खटला बंद केला नाही.

११/ पीएच. डी.नंतर त्या अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स येथे जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. शरीराबाहेर, काचेच्या भांड्यात पेशी जिवंत ठेवण्याचे तंत्र तेथे शिकायला मिळे. याच प्रयोगशाळेत १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय स्त्रीच्या गाठीतील पेशी, तिची संमती न घेता, वाढवल्या गेल्या. ‘हेला’ या नावाने त्या पेशी जगभर पोहोचल्या. विज्ञानाच्या इतिहासात उपलब्धी आणि अन्याय कधीकधी एकाच भांड्यात सापडतात. परतल्यावर रणदिवे यांनी मुंबईत देशातील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली. एकेका पेशीला प्रश्न विचारता येण्याची सोय भारतात झाली ती येथे.

१२/ संस्थांच्या इतिहासाचा क्रम असा. १९५२ साली इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर परळला स्वतंत्र संशोधन केंद्र म्हणून स्थापन झाले. १९६२ साली अणुऊर्जा खाते आले. १९६६ साली रुग्णालय आणि संशोधन केंद्र एकत्र होऊन टाटा मेमोरियल सेंटर झाले. १९६६ ते १९७० या काळात संशोधन केंद्राचे संचालकपद रणदिवे यांनी प्रभारी म्हणून सांभाळले. १९७३ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकारी स्त्रियांनी भारतीय महिला शास्त्रज्ञ संघटना स्थापन केली. १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. ज्या पिढीत प्रयोगशाळेत स्त्री क्वचित दिसे, त्या पिढीचा हा जीवनक्रम आहे.

१३/ आता तारापूर दुसऱ्यांदा. १९६३ पासून मुंबईत कर्करोगाची लोकसंख्येवर आधारित नोंदवही ठेवली जाऊ लागली. तिच्यातून दिसले की, मुंबईच्या पारशी स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण इतर समाजांपेक्षा अधिक आहे. हा तारापूर, डहाणू, संजाणच्या किनाऱ्यावर शतकानुशतके राहिलेला, आपापसांत विवाह करणारा लहान समाज. उंदरांतील विषाणू दुधातून जातो. मग माणसातही तसेच असेल का? परळच्या सत्यवती सिरसाट इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या तज्ज्ञ होत्या. त्या आणि शल्यचिकित्सक जे. सी. पेमास्टर अमेरिकेतील डॅन मूर यांच्या गटाबरोबर या शोधात सामील झाले. मुंबईतील पारशी स्त्रियांचे दूध तपासण्यात आले.

१४/ १९७१ साली ‘नेचर’मध्ये निष्कर्ष आला. उंदरांच्या विषाणूसारखे दिसणारे कण काही स्त्रियांच्या दुधात आढळले होते, आणि सर्वसाधारण अमेरिकन स्त्रियांपेक्षा पारशी स्त्रियांत ते अधिक आढळले होते. जगभर खळबळ उडाली. त्या तर्काचा परिणाम किती गंभीर होता, हे लक्षात घ्यावे : आईच्या दुधावरच संशय येत होता. मात्र असे कण स्त्रीच्या रोगाचे कारण आहेत, हे पुढील दशकांत सिद्ध होऊ शकले नाही. उलट २००२ साली ३० देशांतील ४७ अभ्यास एकत्र करून असे दिसले की, स्तनपानाच्या प्रत्येक बारा महिन्यांमागे आईचा धोका सुमारे ४.३ टक्क्यांनी घटतो. पारशी स्त्रियांतील प्रमाणाचे स्पष्टीकरण उशिरा होणारी लग्ने, कमी मुले आणि दीर्घ आयुष्य यांत पुष्कळ अंशी मिळते.

१५/ मग परळचे उंदीर व्यर्थ गेले का? उत्तरासाठी दोन प्रयोगशाळांकडे जावे लागते. पहिली पॅरिसमधील. १९६१ साली फ्रांस्वा जाकोब आणि जाक मोनो यांनी जिवाणूंवरील कामातून दाखवले की, जनुके केवळ असून भागत नाही. त्यांना चालू-बंद करणारी वेगळी यंत्रणा असते. जिवाणूसमोर दुधातील साखर आली की ती पचवणारी जनुके उघडतात, संपली की मिटतात. ज्या प्रथिनामुळे ती मिटतात, ते १९६६ साली प्रत्यक्ष हाती लागले. रुमालांना पहारेकरी असतो, हे प्रथमच सप्रमाण कळले. आनुवंशिकतेचा प्रश्न ‘काय लिहिले आहे’ एवढा उरला नाही. ‘कोण वाचते’ हा प्रश्न त्याच्या शेजारी आला.

१६/ दुसरी प्रयोगशाळा शिकागोची. शरीर इस्ट्रोजेनचे काय करते? तोपर्यंतचा समज असा की, पेशी त्यावर रासायनिक क्रिया करते आणि त्यातूनच परिणाम घडतो. एल्वुड जेन्सन यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस ट्रिटियम जोडलेले किरणोत्सारी इस्ट्रोजेन तयार केले आणि वयात न आलेल्या उंदरांच्या माद्यांना ते अत्यल्प प्रमाणात दिले. इतर अवयवांतून ते निघून गेले. गर्भाशयात मात्र टिकून राहिले, आणि मूळ रूपातच. म्हणजे त्याला धरून ठेवणारे काहीतरी तेथे होते. ट्रिटियम म्हणजे हायड्रोजनचे किरणोत्सारी रूप. तारापूरच्या तिसऱ्या आणि चौथ्या अणुभट्टीतील जड पाण्यातही ते तयार होत असते. तारापूर आले ते तिसऱ्यांदा.

१७/ धरून ठेवणारे ते प्रथिन म्हणजे इस्ट्रोजेन रिसेप्टर, कागदावरचा ‘ईआर’. त्याचे काम मराठेशाहीच्या भाषेत सहज सांगता येते. कारभारी दफ्तरात बसलेला आहे, पण शिक्क्याशिवाय त्याचा हुकूम चालत नाही. इस्ट्रोजेन हा तो शिक्का. रक्तातून पेशीत शिरलेला इस्ट्रोजेनचा रेणू रिसेप्टरच्या खोबणीत बसतो. रिसेप्टरचा आकार बदलतो, दोन रिसेप्टर जोडीने डीएनएवरील ठराविक जागी बसतात, मदतनीस प्रथिने गोळा होतात आणि वाढीच्या जनुकांच्या नकला सुरू होतात. १९८५-८६ साली या रिसेप्टरचे जनुकच हाती आले आणि शंका उरली नाही : बीटसन यांनी ज्याचा परिणाम पाहिला, तो एक प्रतिलेखन घटक होता.

१८/ बीटसन यांच्या ‘का’चे उत्तर आता देता येते. ज्यांच्या गाठीत हा कारभारी हजर होता, त्यांना अंडाशय काढण्याचा उपयोग झाला, कारण शिक्का येणे थांबले. ज्यांच्या गाठीत तो नव्हता, त्यांना शिक्का थांबवून काय मिळणार? १९६२ साली इंग्लंडमधील आयसीआय कंपनीत डोरा रिचर्डसन यांनी एक रसायन बनवले. शोध गर्भनिरोधकाचा होता. त्या कामी ते फसले. १९७१ साली मँचेस्टरला मेरी कोल यांनी ते स्तनाच्या कर्करोगाच्या ४६ रुग्णांना दिले आणि १० जणींना गुण आला. हेच टॅमॉक्सिफेन. ते खोबणीत जाऊन बसते, पण स्तनाच्या पेशीत त्याने हुकूम निघत नाही. खोटा शिक्का खऱ्याची जागा अडवतो.

१९/ आता उंदरांकडे परत. १९८१ ते १९८३ या काळात सान फ्रान्सिस्कोच्या कीथ यामामोटो यांच्या गटाने आणि जर्मनीतील मिगेल बेआटो यांच्या गटाने एक मूलभूत गोष्ट सिद्ध केली : संप्रेरकाचा रिसेप्टर डीएनएवरील नेमक्या अक्षरक्रमावर जाऊन बसतो. त्यासाठी त्यांनी निवडलेला डीएनए कोणाचा होता? बिटनरच्या दुधातल्या त्याच विषाणूचा. या विषाणूच्या टोकाशी संप्रेरकाच्या रिसेप्टरांना बसण्याची जागा असते. कॉर्टिसोलच्या गटातील संप्रेरके आणि प्रोजेस्टेरॉन आले की विषाणूच्या नकला वाढतात. विषाणू दूधग्रंथीत का फोफावतो आणि गरोदरपणात का बळावतो, याचे हे उत्तर. संप्रेरक आणि विषाणू यांचा परस्परसंबंध हा परळमध्ये मांडलेला विचार आता अक्षराअक्षरात वाचता येत होता.

२०/ अर्धी गोष्ट राहिली होती : हा विषाणू गाठ कशी करतो? १९८२ साली रोएल नुसे आणि हॅरॉल्ड वार्मस यांनी ते उलगडले. विषाणूच्या अंगी कर्करोगाचे जनुक नसते. तो उंदराच्या डीएनएत स्वतःची प्रत घुसवतो. ती घुसखोरी एका विशिष्ट जनुकाशेजारी झाली की, स्तनात एरवी मिटलेले ते जनुक उघडते. त्याचे नाव ठेवले गेले इंट-१. पुढे ते डब्ल्यूएनटी-१ झाले. कागद उंदराचाच, रुमालही उंदराचाच. गाठ मात्र विषाणूने सोडली. या जनुकाचा निरोप पेशीच्या केंद्रकापर्यंत पोहोचतो, तो टीसीएफ नावाच्या प्रतिलेखन घटकांमार्फत.

२१/ वेगवेगळ्या वाटांनी आलेले हे हुकूम शेवटी काही मोजक्या कागदांवर पोहोचतात. त्यांपैकी दोन प्रसिद्ध आहेत. एक ‘मिक’, जो स्वतःच प्रतिलेखन घटक आहे आणि पेशीच्या वाढीची शेकडो जनुके चालवतो. दुसरा सायक्लिन डी-१. पेशीने डीएनएची प्रत काढून दुभंगायला निघावे, यासाठी लागणारी खूण. इस्ट्रोजेन रिसेप्टर या दोघांनाही जागवतो. तो एकटाही नसतो. १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या एमसीएफ-७ या स्तनपेशींवर २००५ साली दिसून आले की, फॉक्स-ए-१ नावाचा दुसरा घटक आधी जाऊन बांधलेला रुमाल सैल करतो. मगच रिसेप्टरला बसायला जागा मिळते. कारभाऱ्याच्याही आधी पोहोचणारा हा चोपदार.

२२/ तीन संशयितांचा निकाल आता लावता येतो. संप्रेरक शिक्का होऊन कारभाऱ्याला चालवते. उंदरातील विषाणू रुमालाची गाठ सोडतो. वंशाचे काय? २००७ साली एफजीएफआर-२ या जनुकात, धोका किंचित वाढवणारे काही आनुवंशिक फरक सापडले. ते प्रथिनाच्या कृतीत नव्हते. प्रतिलेखन घटक जेथे बसतात अशा जागी होते. बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ यांची गोष्ट वेगळी. त्यांच्यातील दोष मुख्यतः डीएनएच्या दुरुस्तीशी जोडलेला आहे. फाटलेला कागद नीट न सांधला जाण्याचा तो दोष. सर्व काही एकाच कारणात बसवण्याचा मोह इतिहासातही टाळावा लागतो. तरीही तिन्ही वाटांनी शोधकांना एका दारापाशी आणले : कोणते जनुक वाचले जाते आणि कोणाच्या हुकमाने.

२३/ परळचे पुढचे पान ‘पीआर’चे आहे, म्हणजे प्रोजेस्टेरॉन रिसेप्टरचे. १९९१ साली राजेंद्र बडवे आणि लंडनमधील त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये निरीक्षण मांडले की, मासिक चक्राच्या कोणत्या दिवसांत शस्त्रक्रिया झाली, याचा जगण्याशी संबंध दिसतो. पुढे टाटा मेमोरियलमध्ये सुमारे हजार स्त्रियांवर चाचणी झाली : शस्त्रक्रियेपूर्वी प्रोजेस्टेरॉनवर्गीय औषधाचे एकच इंजेक्शन. २०११ साली निष्कर्ष आला. सरसकट सर्वांत फरक ठरला नाही. ज्यांच्या काखेतील गाठींपर्यंत रोग पोहोचला होता, त्यांच्यात लाभ दिसला. २०१५ साली केंब्रिजच्या जेसन कॅरोल यांच्या गटाने पेशींत दाखवले की, प्रोजेस्टेरॉन रिसेप्टर इस्ट्रोजेन रिसेप्टरला डीएनएवरील दुसऱ्या जागांकडे वळवतो. एक कारभारी दुसऱ्याचे टेबल बदलतो, असे म्हणावे.

२४/ खटला मात्र मिटलेला नाही. २०१३ साली कळले की, दीर्घ उपचारांनंतर काही गाठींतील इस्ट्रोजेन रिसेप्टरचे जनुकच बदलते आणि कारभारी शिक्क्याविना हुकूम काढू लागतो. काही गाठींत ईआर, पीआर आणि हर-२ हे तिन्ही नसतात. त्यांना ‘ट्रिपल निगेटिव्ह’ म्हणतात. भारतात त्यांचे प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा अधिक आढळते. अशा रुग्णांना टॅमॉक्सिफेनचा उपयोग होत नाही. उलट ईआर पॉझिटिव्ह रुग्णांत पाच वर्षे घेतलेले टॅमॉक्सिफेन पुढील पंधरा वर्षांतील या रोगाचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटवते. म्हणून गाठीचा तुकडा न तपासता दिलेले औषध म्हणजे पत्ता न लिहिता टाकलेले पत्र.

२५/ या इतिहासातून एक गोष्ट निघते. रणदिवे यांच्या उंदरांतील विषाणू माणसाचा गुन्हेगार ठरला नाही. पारशी स्त्रियांच्या दुधातील कणांमागे लावलेला माग अर्ध्यावर विरला. पण त्याच विषाणूच्या डीएनएवर संप्रेरकाचे रिसेप्टर कसे बसतात हे जगाने पाहिले, आणि त्याच विषाणूच्या घुसखोरीतून वाढीचे एक जनुक हाती आले. विज्ञानाच्या इतिहासात चुकलेल्या वाटेवरचा दगडही कधी मैलाचा दगड ठरतो. खानोलकर, रणदिवे, सिरसाट यांची नावे शालेय पुस्तकांत क्वचित दिसतात. त्यांनी विचारलेला प्रश्न मात्र आज प्रत्येक अहवालावर छापलेला असतो.

२६/ भारतीय स्त्रियांत सर्वाधिक आढळणारा कर्करोग आज स्तनाचाच आहे. बोईसर, पालघर, डहाणूच्या पट्ट्यातील रुग्ण शंभरएक किलोमीटरचा रेल्वेप्रवास करून परळ गाठतात. त्या प्रवासाआधीचे अंतर अधिक मोठे असते : गाठ हाताला लागणे आणि ती कोणाला तरी दाखवणे, यांतले. १९९८ साली मुंबईच्या वस्त्यांत टाटा मेमोरियलने दीड लाखाहून अधिक स्त्रियांवर दीर्घ चाचणी सुरू केली. प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी केवळ हाताने स्तन तपासत. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांतील स्तनकर्करोगाचे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी आढळले. पेशीच्या दफ्तरात कोणता रुमाल सुटला आहे, हे सूक्ष्मदर्शक सांगतो. तो तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली वेळेत पोहोचवण्याचे काम मात्र अजूनही माणसाच्या हाताचे आणि घरातल्या मोकळ्या बोलण्याचे आहे.